सात नळ्या

“पण प्रायश्चित्तच नाही असं पाप असतं का, माय?”

साळूमायने मान वर केली नाही. ती दोर वळत होती. अंबाडीचे धागे मांडीवर घासायचे, पीळ द्यायचा, पुढे सरकवायचं. हैबतीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

“टोक धर,” ती म्हणाली.

हैबती पन्नाशीचा होता. अंगात रेशमी अंगरखा, कमरेला चांदीच्या मुठीची कट्यार, पाठीवर लाल कापडात बांधलेलं एक लांबट गाठोडं. चंडरावाच्या सैन्यात त्याला सेनापतीच्या शेजारी आसन होतं. कित्येक वर्षांत कुणी त्याला काही धरायला सांगितलं नव्हतं.

त्याने टोक धरलं.

“ओढू नकोस. नुसतं धर.”

चंडराव कोण, हे त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नसे. नऊ वर्षांत त्याने डोंगरापासून समुद्रापर्यंतची नगरं घेतली होती. घोडदळ त्याचं बेताचंच होतं. पण त्याच्यापाशी सात व्याळ होते. त्यांनी पंख पसरले की अख्ख्या पेठेवर सावली पडे. आग ओकायला तोंड उघडलं की पेठ उरत नसे. लोक म्हणत, चंडरावाने त्यांना मंत्राने बांधलं आहे.

मंत्र नव्हता. हैबती होता.

आज सकाळपासून ते सातही व्याळ साळूमायच्या डोंगराखाली, नदीच्या वाळूत बसले होते. साखळी नाही, पहारा नाही. हैबतीच्या मागोमाग आले होते. पायथ्याचं गाव गुरंढोरं घेऊन पलीकडच्या खोऱ्यात पळालं होतं. जाताना पाटलाने वर निरोप पाठवला होता, की माय, तूही चल.

मायने उलट निरोप दिला होता, की अंबाडी भिजत घातली आहे, वाया जाईल.

ती पूर्वी सुईण होती. पायथ्याच्या गावांत तिशी-चाळिशीचं कुणीही भेटलं, तर ते बहुधा तिच्याच हातांत जन्मलेलं असे. मग एके दिवशी ती डोंगर चढून या गुहेपाशी आली आणि पुन्हा उतरली नाही. का, ते तिने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

“चंडरावाला सांगून आलास?”

“नाही. तो माझ्या मागावर असेल. परवापर्यंत पोचेल.”

“म्हणजे वेळ थोडा आहे. आणि तू मला पापांचे प्रकार विचारत बसला आहेस.”

“मी तयारीने आलो आहे, माय. बारा वर्षं एका पायावर उभं राहायला सांगा, राहीन. जीभ छाटून टाक म्हणा, टाकतो. ही कट्यार आहे.”

“दिसते आहे. मूठ छान आहे.”

“मी थट्टा करत नाही.”

“मीही नाही. तुझी जीभ ठेवायची कुठे, हा विचार करते आहे.”

हैबतीचा चेहरा लाल झाला. नऊ वर्षांत त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

“मोठं पाप आहे, हे कळलं,” साळूमाय म्हणाली. “आता काय आहे, ते सांग.”

त्याने सांगितलं. आधी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

व्याळ कड्यांवर राहतात. त्यांना पकडता येत नाही, मारता येत नाही. पण व्याळी पिलाची हाक ऐकते. पिलू कुठेही असो, ती निघते. वाटेत जे आडवं येईल ते जाळते. भिंत असो, दरवाजा असो, माणूस असो. तिला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला फक्त हाकेपर्यंत पोचायचं असतं.

“मग?”

“आम्ही पिलं धरली. सात. ज्या गावावर जायचं, त्या गावात एखादं पिलू चोरून न्यायचं आणि त्याला टोचायचं.”

“कशाने?”

“...दाभणाने.”

साळूमायचा हात थांबला नाही. “पुढे.”

“पिलं जगली नाहीत. ती आईच्या तोंडातलंच खातात. आम्ही बकरं दिलं, मासे दिले. महिन्याभरात सातही गेली. चंडराव म्हणाला, संपलं आपलं राज्य. तेव्हा मी म्हटलं, थांबा.”

त्याने पाठीवरचं गाठोडं काढून मांडीवर घेतलं. सोडलं नाही.

“मी पिलांच्या पंखांच्या हाडांच्या नळ्या केल्या. तोंडाला त्यांचंच कातडं ताणून बसवलं. फुंकली की तीच हाक. हुबेहूब. प्रत्येक आईला आपल्या पिलाचा आवाज कळतो, म्हणून प्रत्येकीची नळी वेगळी. मी रात्रीतून गावात शिरायचो, बारवेत उतरायचो, गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून फुंकायचो. वर सगळं जळून झालं की थांबायचो.”

“आणि त्या?”

“त्या शोधायच्या. दोन-दोन दिवस. राखेत तोंड घालून, अगदी हळू. खाली काही असेल तर मोडू नये, अशा बेताने. मग मी छावणीजवळच्या मोकळ्या माळावरून फुंकायचो आणि त्या परत यायच्या.”

“पिलाकडे.”

“...हो. पिलाकडे.”

खालून, नदीच्या बाजूने, एक लांब उसासा वर आला. झाडांची पानं हलली. वारा नव्हता.

“ही युक्ती तुला कुणी शिकवली?”

“वडिलांनी.”

“ते सैन्यात होते?”

“नाही.” हैबतीने हातातलं टोक नीट धरलं. “गवळी होते.”

“असं होय. तरीच दोर बरा धरतोस.”

तो हसला नाही. पण त्याचे खांदे थोडे खाली आले.

“म्हशीचं रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते,” तो म्हणाला. “दूध देत नाही. मग वडील त्या रेडकाचं कातडं काढायचे, आत पेंढा भरायचे, शिवायचे आणि धार काढायच्या वेळी तिच्यापुढे उभं करायचे. म्हैस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या दिवशी छावणीत मला तेच आठवलं. चंडरावाने भर दरबारात मला मिठी मारली. म्हणाला, आजपासून तू गवळी नाहीस, व्याळपती.”

“आणि तुला बरं वाटलं.”

“हो.”

“खूप?”

“...खूप.”

साळूमायने दोराला पीळ दिला. “इतकी वर्षं बरं वाटत होतं. मग आता काय झालं?”

हैबतीने गाठोड्याची गाठ घट्ट केली.

“सोनवट,” तो शेवटी म्हणाला. “गेल्या अमावास्येला घेतलं. सकाळी मी बारवेतून वर आलो. चौकात एक व्याळी बसली होती. तिने राखेतून एक झोळी काढली होती. बाळाची. अर्धी जळलेली होती. आत...”

“सांग.”

“आत बाळ होतं. तिने ते पंखाखाली घेतलं होतं. चाटत होती. तिला कळत नव्हतं, असं नाही. तिचं नाही हे तिला दिसत होतं. तरी घेतलं होतं. आणि मला तिला छावणीत न्यायचं होतं. चंडरावाची माणसं वाट बघत होती.”

“मग?”

“मी नळी फुंकली, माय.”

तो खाली बघत होता.

“ती उठली. झोळी अलगद खाली ठेवली. बाकीच्या उडून येतात. ती चालत आली, सबंध वाट.”

साळूमायने दोर वळणं चालू ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हैबतीने तो शोधला. सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“म्हणून मी आलो. नळ्या घेऊन निघालो. वाटेत एकेक फुंकत आलो, म्हणजे त्या मागे येतील आणि चंडरावाच्या हाती उरणार नाहीत. आता पुढे काय, ते मला कळत नाही. नळ्या मोडल्या तर त्या आपल्या पिलांना शोधत जगभर जाळत फिरतील. ठेवल्या तर उद्या दुसरा कुणी चंडराव येईल. तुम्ही ठेवून घ्या. गुहेत पुरून टाका. आणि मला शिक्षा द्या. जी असेल ती.”

त्याने गाठोडं तिच्यापुढे सरकवलं.

तिने ते पायाने परत त्याच्याकडे सारलं.

“पेंढा कधी काढायचे तुझे वडील?”

“काय?”

“रेडकातला पेंढा. म्हैस म्हातारी होईपर्यंत तेच रेडकू पुढे उभं करायचे का?”

“नाही... म्हैस आटली की...” हैबती अडखळला. कपाळाला आठ्या पडल्या. “म्हैस आटली की ते रेडकू उसवायचे. तिच्यासमोरच. पेंढा काढून तिच्याच पुढ्यात टाकायचे आणि कातडं गोठ्याच्या दाराशी पुरायचे. पागोटं काढून, अनवाणी. आम्हा पोरांना बाहेर घालवायचे, पण मी फटीतून बघायचो.”

“काही बोलायचे?”

“म्हशीला म्हणायचे, बाई, हे तुझं. मी फसवलं तुला.”

“म्हैस काय करायची?”

“हुंगायची. हंबरायची. दोन दिवस वैरणीला तोंड लावायची नाही. आम्ही त्या दिवसांत दुसऱ्या म्हशींच्या दुधालाही शिवायचो नाही. वडीलही जेवायचे नाहीत. आई चिडायची, म्हणायची, जनावरापुढे कसली लाज? ते म्हणायचे, मग कुणापुढे?”

...

“आणि तू चंडरावाला यातलं किती सांगितलंस?”

हैबतीने हातातल्या दोराकडे बघितलं.

“पेंढा भरण्यापर्यंत,” तो म्हणाला.

“हं.”

“मला पुढचं आठवलंच नाही, माय. खरंच. आत्ता तुम्ही विचारेपर्यंत...”

“नऊ वर्षं.”

“नऊ वर्षं.”

खालून पुन्हा तो उसासा आला. या वेळी एक नव्हता. एकामागून एक.

“त्या खवळतील,” हैबती म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पिलं नाहीत हे कळलं, तर हा डोंगर जाळतील. मला जाळतील, त्याचं काही नाही. पण तुम्ही...”

“माझा दोर अजून निम्मा व्हायचा आहे.”

“माय, मी थट्टा...”

“तू मघापासून शिक्षा मागतो आहेस. तिथे खाली सात जणी काहीतरी दुसरं मागताहेत. आधी कोणाचं द्यायचं, ते तू ठरव. मला कशाला विचारतोस?”

हैबती उठला. कट्यार काढून दगडावर ठेवली. मंदील उतरवला, जोडे काढले. गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं, बाळ घ्यावं तसं. मग ते आपल्या लक्षात आल्यासारखा क्षणभर थांबला, पण हात बदलले नाहीत.

तो उतरू लागला.

साळूमायने दोराचं सुटलेलं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वळत राहिली.

खाली काय झालं, ते वरून सगळं दिसत नव्हतं. दिसलं ते एवढंच, की वाळूत एक माणूस एका व्याळीसमोर गेला. तिच्या डोळ्याएवढाही तो नव्हता. त्याने खाली वाकून काहीतरी ठेवलं आणि वाकलेलाच राहिला. तिने नाक खाली आणलं. बराच वेळ काही हललं नाही. मग तिने मान वर केली आणि एक आवाज काढला. त्या आवाजाने डोंगरातली सगळी पाखरं एकदम उडाली. गुहेच्या तोंडाशी खडे घरंगळले.

आग नव्हती.

माणूस दुसरीकडे गेला.

दोन जणींनी नळी तोंडात उचलली आणि त्या कड्यांच्या दिशेने उडून गेल्या. एकीने वाळू उकरून आपली नळी पुरली आणि त्यावर निजली. बाकीच्यांचं ऊन उतरेपर्यंत काही कळलं नाही. आवाज मात्र येत राहिले. पलीकडच्या खोऱ्यात गेलेल्या माणसांनीही ते ऐकले. नंतर ती माणसं म्हणाली, आम्हाला भीती वाटायला हवी होती. आम्ही रडलो.

संध्याकाळी हैबती परत वर आला. पायांतून रक्त येत होतं. अंगरख्याला वाळू लागली होती. तो येऊन तिच्यासमोर बसला. बसताना तोल गेला.

साळूमायने त्याच्यापुढे पाण्याचा गडवा सरकवला.

त्याने पाण्याला हात लावला नाही.

“जाळलं नाही,” ती म्हणाली.

“नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी काय म्हटलं, ते ऐकलंही नसेल. मी तिथे होतो काय, नव्हतो काय... मला वाटलं होतं...”

“काय वाटलं होतं?”

“काही नाही.”

साळूमायने दोराला पुन्हा पीळ दिला. त्यानेच पुढे सांगितलं.

“सहा गेल्या. म्हणजे, काही अजून तिथेच आहेत. पण त्यांना मिळालं.”

“आणि सातवी?”

“बसली आहे.”

“का?”

हैबतीने गडवा हातात घेतला. पुन्हा खाली ठेवला. मग तो जे बोलला, ते इतक्या हळू, की साळूमायला पुढे वाकावं लागलं.

“ती नळी तिच्या पिलाची नाही.”

...

“वेळूची आहे, माय. दोन वर्षांपूर्वी कापडणीच्या वेढ्यात हाडाची नळी तडकली. चार दिवसांनी पुढची लढाई होती. मी कुणाला सांगितलं नाही. नदीकाठचा वेळू कापला, दोन दिवस बसून सूर जुळवला. मला तिच्या पिलाचा आवाज पाठ होता. फुंकली, आणि ती आली. हाडाच्या नळीला यायची तशीच आली. मला त्या वेळी वाटलं, आता मला हाडाचीही गरज नाही.”

“अभिमान वाटला.”

“हो.”

“आणि तडकलेली?”

“खंदकात फेकली. काठावर उभा राहून. दोन तुकडे करून.” त्याने डोळे मिटले. “सोनवटच्या चौकात बसली होती, ती हीच.”

दोर वळायचा थांबला होता.

“आज त्या सगळ्यांपुढे जाताना मला माहीत होतं, शेवटी हिच्यापुढे जायचं आहे. तरी गेलो. बाकीच्यांना म्हटलं तेच म्हणायला गेलो, आणि हे तुझं एवढं म्हटल्यावर तोंड बंद झालं. तिने नळी एकदाच हुंगली. बाजूला सारली. मग मान वाळूवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या सगळ्यांत ती एकटीच माझ्याकडे बघते आहे, माय. मला ती नजर...”

त्याने खाली नदीकडे बोट केलं.

“तिला वाटतं, खरं अजून माझ्यापाशी आहे. मी काढून देईन म्हणून ती थांबली आहे. माझ्यापाशी काही नाही. एक तुकडा नाही. तिला अजून आशा आहे, ती मी कशी मोडू? जनावराला हे कुठल्या भाषेत सांगतात? तू सुईण होतीस. तुला माहीत असेल. तू चल माझ्याबरोबर. तूच सांग तिला.”

तो तिला तू म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

साळूमायने मांडीवरचे धागे झटकले. खाली वाळूत, दिवसाच्या उरलेल्या उजेडात, एक प्रचंड आकार मान टेकून बसला होता. तो हलत नव्हता.

तिने पुढे होऊन हैबतीच्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

“तिला ठाऊक आहे, बाबा. ती तू सांगायची वाट बघते आहे.”